सगळ्यांना पहिला नंबर

आमच्या गावात इंटरनेटची वायर एकच. ती ग्रामपंचायतीच्या कपाटावरच्या राउटरात येते आणि तिथून चार ठिकाणी जाते: शाळा, चाचांचं ऑनलाइन कामांचं दुकान, आरोग्य उपकेंद्र आणि सरपंचांचं घर. घर कसं आलं यात, ते विचारू नका. अमडापूरच्या बाजूला आमचं गाव खोलगटात. मोबाइलवर धड बोलायचं तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

बाबांना लकवा झाला. हातपाय सावरले, वाचा गेली ती गेलीच. म्हणून दर मंगळवारी उपकेंद्रातल्या स्क्रीनवर शहरातल्या एक मॅडम त्यांना शब्द शिकवतात. त्या म्हणणार, बाबा मागून म्हणणार. पण आवाज तुटायचा. का? तर सरपंचांच्या गोठ्यातले कॅमेरे दिवसभर म्हशींचं शूटिंग वर पाठवत होते.

मी ग्रामसेवकाकडून पासवर्ड घेतला. कोणाचा डेटा आधी सोडायचा आणि कोणाचा मागे ठेवायचा, हे राउटरला सांगता येतं. उपकेंद्राला पहिला नंबर दिला. मग शाळा, मग दुकान, शेवटी कॅमेरे. कोणाचं काही बंद केलं नाही. म्हशीचं चित्र जरा उशिरा पोचणार, इतकंच.

त्या मंगळवारी मॅडम "पाणी" म्हणाल्या ते अख्खं आलं. बाबा "पानी" म्हणाले. आई भिंतीकडे तोंड करून रडली.

कॉलेजपासून मी पत्रकं वाटत आलोय. गुपचूप केलेलं काम मला पचत नाही. म्हणून ग्रामसभेत उभा राहून सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या घराचा नंबर शेवटचा?" सरपंच म्हणाले. "काऊन बे?"

"भाऊ, कॅमेरा थांबू शकतो. बोलणं थांबवता येत नाही."

"अन् मी तिसरा?" चाचा उठले. "माह्या दुकानात लोक उन्हात उभे राह्यतात. म्हशीच्या एकच नंबर पुढं व्हय आम्ही?"

सभा हसली. गुरुजींना शाळेला दुसरा नंबर म्हणजे शिक्षणाचाच अपमान वाटला. ज्या गावात पहिल्या पंगतीला बसवलं नाही म्हणून सोयरे जेवल्याबिगर उठून जातात, तिथं दुसरं काय होणार होतं?

सरपंचांनी तोड काढली. "कोणालेच नाराज कराचं नाही. सगळ्यांले पयला नंबर दे."

"भाऊ, सगळेच पहिले म्हणजे कोणीच पहिलं नाही. राउटर आधी करत होता तेच करेल."

"तुह्या बापाचाबी पयलाच राह्यला ना?" हे बोलले माझे सख्खे मोठे काका. "कमी कुठं केला त्याचा?"

सगळे हात वर झाले. मंगळवारचा एक तास तरी कॅमेरे बंद ठेवा म्हणालो, तर सरपंच "पाहू ना" म्हणाले. ते अजून पाहूनच राह्यले. मी सेटिंग बदलायला नकार दिला, तर चाचांच्या मुलाने माझ्यासमोर चारही नावांपुढे 'सर्वोच्च' निवडलं आणि पासवर्ड बदलून टाकला. मी पत्रक काढलं. लोकांनी पारावर मोठ्याने वाचलं, "लय भारी लिह्यलं गड्या" म्हणाले आणि घरी गेले. भांडले असते तरी चाललं असतं.

मंगळवार चालूच आहेत. मॅडम "भाकर" म्हणतात; इकडे येतं "भा… र." बाबा आज्ञाधारक. ओठ जुळवून, मधली फट तेवढीच सोडून म्हणतात, "भा… र." मी कानाशी अख्खा शब्द म्हणतो, पण ते माझ्याकडे बघत नाहीत, शिकवणाऱ्या मॅडम आहेत, मी नाही. तिकडे मॅडमनासुद्धा तुटकच ऐकू जातं. अक्षर जिभेने खाल्लं की लाइनने, असं त्या विचारतात. उपकेंद्रातल्या सिस्टर माझ्याकडे बघतात. मला सांगता येत नाही.

आता घरीही बाबा ताटावर बसून तसंच मागतात. भा… र. आई भाकर वाढते.