हाकेवर वळणारी मुलगी

जळगावात आमच्या गल्लीतल्या व्हिडिओवाल्या भाऊंनी मला सावरलं, हे आधी सांगते. सातवीत शाळा सुटलेली मी, माहेर थेट मालवणला. इथे आल्यापासून माझी चार वर्षांची लेक आजीसाठी झुरून बोलेनाशी झाली होती. माझ्या आईने अंगाई गाऊन तिची कॅसेट पाठवली, तर नुसत्या आवाजाला ती तोंड फिरवी.

भाऊंना एक नाद होता. टीव्हीवरची जपानी कार्टून उतरवून, दोन व्हीसीआर जोडून ते त्यांवर गाणी बसवत. मशीन जरा उशिरा सुरू होई, म्हणून श्वास रोखून शब्दाच्या आधीच बटण दाबत. म्हणत, "वहिनी, चित्रातली पोर कोठे दखी राहिनी ते दखा. मंग गानं आपोआप बठस." पोर कुठे बघतेय ते बघा, मग गाणं बसतंच, असं त्यांच्या अहिराणीत.

आईच्या अंगाईवर त्यांनी रानातून एकटी चालणारी कार्टूनमधली मुलगी लावली. आई मध्येच "गो बाय" म्हणून हाक मारते, नेमकी तिथे ती मुलगी वळून बघते. तेवढ्या एका वळण्यासाठी भाऊंनी अख्खी दुपार घालवली.

लेक टीव्हीला चिकटून उभी राहिली आणि इथूनच आजीच्या हाकेला ओ देत म्हणाली, "आजी, मी हंय आसंय गो!"

मी रडत होते. भाऊ टेप मागे घेत पुटपुटले, "मान वळाले जरासा उशीर व्हयना." मान वळायला उशीर झाला, एवढीच त्यांना रुखरुख.

एक दिवस त्यांना मालवणला नेऊन आईच्या हातचं जेवू घालणार आहे. मासे खातात की नाही, ते तेवढं विचारायला हवं.