सत्यवानभाऊंचं बिनबंदुकीचं कार्यालय

आमच्याकडे लग्नात बंदूक आणणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यांना ती मिरवायची असते. दुसरा, ज्यांना खरोखर भीती असते. पहिल्या प्रकाराबद्दल माझ्या मनात काडीची दया नाही. नवरदेव घोड्यावर चढला की आभाळात बार काढायचा आणि मग मिशीवरून हात फिरवायचा, ह्याला मर्दुमकी म्हणणाऱ्यांना मी माझ्या वर्गात अंगठे धरून उभं केलं असतं. दुसऱ्या प्रकाराचं काय करायचं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सत्यवानभाऊंनाही ते कळलं होतं असं नाही, पण त्यांनी त्यापासून पळ काढला नाही.

सत्यवान पारधे कोल्हारात आमचे शेजारी. नगरच्या कॅम्पात लष्कराच्या हत्यारांच्या खोलीवर नोकरी करून ते निवृत्त झाले आणि नगर-मनमाड रस्त्याला लागून त्यांनी मंगल कार्यालय बांधलं. ख्रिस्ती माणसाच्या कार्यालयात आपला मुहूर्त कसा लागायचा, अशी कुजबुज वर्षभर चालली. मग लोकांच्या लक्षात आलं की इथलं पाणी ऐन पंगतीत संपत नाही, आणि कुजबुज आपोआप थांबली. त्यांच्या पत्नी कृपाताई स्वयंपाकघर बघायच्या, भाऊ फाटक.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका वरातीत बार काढताना नळी खाली आली आणि छर्रे बँडवाल्याच्या दंडात घुसले. बँडवाला वाचला. बंदूकवाला 'चुकून झालं' म्हणाला आणि जेवायला बसला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी फाटकावर पाटी लावली. बंदूक, पिस्तूल आत आणायला सक्त मनाई, परवाना असला तरी.

पाटी लावून ते नगरला वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, जागा तुमची, मनाई करायचा हक्क तुमचा. पण दुसऱ्याचं हत्यार स्वतःकडे ठेवून घेऊ नका, त्यात तुम्हीच अडकाल. त्याला ते घरी पाठवायला सांगा. आणि एक ध्यानात असू द्या. बार लागून कोणी मेलं तर लोक तुम्हाला विचारतील, आणि बंदूक नाकारलेल्या माणसाने मार खाल्ला तरी तुम्हालाच विचारतील. कोर्ट काय म्हणेल ते तेव्हाचं तेव्हा.

भाऊंना कोर्टाची फारशी फिकीर नव्हती. नोकरीत त्यांनी एक रिवाज पाहिला होता. जवानाची रायफल जमा करून घेतली की तो झोपतो तिथे पहारा लावायचा. ज्याने हत्यार काढून घेतलं त्याने राखण करायची, इतका सरळ हिशोब. तोच त्यांनी लग्नकार्यात आणला. बंदूक परत पाठवलेला पाहुणा आला की भाऊ त्याच्या मागेच खुर्ची टाकून बसायचे. बड्या लोकांनी आपली लग्नं दुसरीकडे हलवली, कृपाताईंनी अबोला धरला, मी तर उघड चेष्टा करायचे की नवरीची नवरदेवावर नसेल एवढी तुमची नजर ह्या पाहुण्यांवर असते. भाऊ हसायचे, पण खुर्ची सोडायचे नाहीत.

पुढच्या वर्षी श्रीमंत वाबळे पुतणीच्या लग्नाला आले. हा माणूस दुसऱ्या प्रकारातला. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून चुलतभाऊ गोरक्षनाथाशी वैर. त्याने जीव घेण्याची धमकी दिल्यावर त्यांनी परवाना काढलेला. भाऊंनी त्यांना फाटकातच अडवलं. श्रीमंतरावांनी शांतपणे विचारलं, "आन् माझं काय झालं तर?"

"तुमी माझ्या जाग्यात हाय तवर तुमची जबाबदारी माझी," भाऊ म्हणाले.

श्रीमंतरावांनी बंदूक ड्रायव्हरबरोबर घरी धाडली. भाऊ दिवसभर त्यांच्या मागे होते, पंगतीतसुद्धा. निघताना फाटकापर्यंत पोचवलं, राम राम केला आणि ते आत वळले. फाटकाबाहेर गाड्या लावायची मोकळी जागा होती. तिथे टेम्पोच्या आडून गोरक्षनाथ आणि त्याचे दोन साथीदार पुढे आले. पाठोपाठ भाऊ धावले, माणसं धावली, पण तोवर कोयता श्रीमंतरावांच्या उजव्या हातावर बसला होता. जीव वाचला. त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही.

पोलिसांनी जबाब घेताना सगळ्या गावाने भाऊंची बाजू सावरली. घटना फाटकाबाहेरची, ह्यांचा काय संबंध? आणि ह्या गृहस्थाने स्वतःहून सांगून लिहून घ्यायला लावलं की गाड्यांची जागाही माझीच, सातबारा माझ्या नावावर आहे, मी माझा शब्द फाटकाशी सोडला. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं. कोणी विचारलं नसताना गळ्यात दोर का अडकवून घ्यायचा? ते म्हणाले, 'माझ्या जाग्यात' म्हटलं होतं, 'फाटकाच्या आत' नव्हतं म्हटलं.

भाऊ दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते. श्रीमंतरावांच्या पत्नी राहीबाईंनी आम्हाला बसासुद्धा म्हटलं नाही. मग श्रीमंतराव म्हणाले, "बंदूक आसती तर म्या चालवली आसती. म्होरं बायापोरं टेम्पोत चढत हुती." मग पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "म्हून तुमाला बरं म्हनू का? न्हाई म्हननार. हात माझा गेलाय."

भाऊंनी मान हलवली. परतीच्या एसटीत ते रडले, मला न लपवता. माझी चेष्टा त्या दिवसापासून बंद झाली.

त्यांच्यावर दावा कोणी लावला नाही. गोरक्षनाथाच्या खटल्यात मात्र त्यांनी साक्ष दिली, आणि तो जामिनावर गावातच होता. अशात एक दिवस राहीबाई कार्यालयात आल्या. मुलीचं, विजयमालेचं लग्न ठरलं होतं. भाऊंनीच त्यांना दुसरं कार्यालय सुचवलं. राहीबाई म्हणाल्या, "लगीन हितंच करायचं. पाटी ऱ्हाऊ द्या. पर राखन आमच्या उंबऱ्यापासनं उंबऱ्यापातूर करायची, मधी सोडायचं न्हाई."

लग्नाच्या दिवशी भाऊ पहाटेच वाबळे वस्तीवर हजर झाले. दिवस कलल्यावर लेकीला सासरी पाठवून सगळे परत निघाले, तेव्हा जीप भाऊ चालवत होते, श्रीमंतराव त्यांच्या शेजारी, राहीबाई आणि मी मागे. वाटभर श्रीमंतराव भाऊंशी चकार शब्द बोलले नाहीत. वस्तीवर पोचल्यावर भाऊ उतरले, उंबऱ्यापर्यंत गेले, दोघं आत शिरलेले पाहिले आणि परत येऊन जीपमध्ये बसले. कोल्हारची वाट गोरक्षनाथाच्या मळ्यावरून जाते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"थांबा," मागून श्रीमंतरावांचा आवाज आला. "साक्ष दिल्यापासनं तुमच्यासंगं कोन हाय?"

श्रीमंतराव बाहेर आले. बंदूक आत भिंतीवर टांगलेली मला दारातून दिसत होती. ती न घेताच ते डाव्या हाताने दांडी धरून जीपमध्ये चढले आणि भाऊंच्या शेजारी बसले.