लाल्याचं ताट

आजही ताट वाढून समोर आलं की मला ती घटना आठवते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, खाकी वर्दी पेटीत गेली, पण ही एक केस काही पेटीत जायला तयार नाही. यात माणसांची नावं मी घेणार नाही. कुत्र्यांची घेईन, त्यांची बदनामी व्हायची आता काही राहिलेली नाही.

मी म्हैसूरचा. आमचे पूर्वज कधीकाळी इथल्या फौजेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, तीही कन्नडची फोडणी दिलेली. ठाण्यात मात्र मी मराठीचा शब्द काढत नसे. दम द्यायचा तो कन्नडमध्ये, शिवी हासडायची ती उर्दूत. मराठी राहिली आई आणि देवघर यांच्यापुरती.

गोकुलमची वस्ती तेव्हा माझ्या हद्दीत होती. सकाळी आठच्या सुमारास फोन आला, मागच्या गल्लीत एक बाई पडली आहे, कुत्र्याने फाडलंय. आम्ही पोचलो तेव्हा धुगधुगी होती, पण दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. पन्नाशीची बाई. चार घरी स्वयंपाक करायची. आणि तो कुत्रा गल्लीच्या टोकाला भिंतीला चिकटून बसला होता, तोंड रक्ताने माखलेलं, अंगाला थरथर सुटलेली. तांब्याच्या रंगाचा पिटबुल, छातीवर विड्याच्या पानाएवढा पांढरा डाग. जाळं टाकलं तर निमूट आत आला. मला वाटलं होतं दोन-चार जणांना तरी चावेल.

महजर झाला, म्हणजे तुमच्याकडचा पंचनामा. आजूबाजूची घरं पालथी घातली. योगासनं शिकायला आलेले परदेशी पाहुणे, निवृत्त प्रोफेसर, नव्या बंगलेवाले, सगळ्यांचं उत्तर एकच. कुत्रा आमचा नाही, कधी पाहिलाही नाही. बाई कामाला जायची त्या चारही घरांत तेच उत्तर. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर नाव नाही, बिल्ला नाही.

बाईची मुलगी नर्सिंगला होती. ती रोज संध्याकाळी ठाण्यात येऊन बाकावर बसायची. रडायची नाही, भांडायचीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला एकच विचारलं. "सार, अम्मा कुत्र्यांना फार घाबरायची. रस्त्यात कुत्रा दिसला तर गल्ली बदलायची. तिला याच्याजवळ जायला कुणी सांगितलं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला कुणा वकिलानेही विचारला नव्हता. मी तिला शब्द दिला की याचं उत्तर मी शोधून देईन. असा शब्द पोलिसाने देऊ नये, हे मला तेव्हाही कळत होतं.

कुत्रा सरकारी शेडमध्ये होता. तिथून निरोप आला की तीन दिवस अन्नाला शिवला नाही. मी आणि माझा हेड कॉन्स्टेबल बघायला गेलो. समोर रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, आणि रश्श्याचं ताट. कुत्रा ताटापुढे ताठ बसलेला. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती, बरगड्या मोजता येत होत्या, पण तोंड काही घालेना. आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता.

"सार, उपोषणाला बसलाय," हेड कॉन्स्टेबल म्हणाला. "मागण्या काय आहेत विचारून घ्या."

शेडवाल्याने "तिन्नो, तिन्नो" करून पाहिलं, म्हणजे खा खा. हिंदीत सांगून पाहिलं, इंग्रजीतही झालं. कुत्रा ढिम्म. सगळे बाहेर गेले तसा मी जाळीपाशी उकिडवा बसलो. खोटं कशाला बोलू, त्या प्राण्याचा मला राग होता. पण उपाशी जीव समोर ताट ठेवून असा बसलेला बघवत नव्हता. मी म्हटलं, "खा रे." काही नाही. मग आई मला म्हणायची तसं तोंडातून निघून गेलं, "जेव रे बाबा, जेव."

त्याने ताटात असं तोंड खुपसलं की ताट भिंतीवर जाऊन आपटलं.

मी तिथेच बसून राहिलो. कुत्र्याला आपण 'खा' म्हणतो. 'जेव' म्हणतात ते माणसाला, घरच्या पोराला. या कुत्र्याला कुणीतरी लहानपणापासून मराठीत, घरच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. आणि त्या शब्दाशिवाय अन्नाला शिवायचं नाही, असं शिकवलं होतं. म्हैसुरात अशी घरं किती असणार?

मंडी मोहल्ल्यात मटणाच्या दुकानावर माझा जुना खबऱ्या होता. त्याला फोटो दाखवला. त्याने सुरी खालीसुद्धा ठेवली नाही. "हे तर तुमच्यातल्याच एका म्हाताऱ्याचं वाण. बैलकुप्प्याच्या रस्त्याला राहतो. दर मंगळवारी मुंड्या न्यायचा. असा रंग आणि छातीवर असं पान दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि सार, कुत्र्यांशी तो तुमच्या भाषेत बोलतो."

ते काका माझ्या ओळखीचे होते. लहानपणी गणपतीच्या आरतीला त्यांच्या मांडीवर मी बसलेलो होतो.

काका कारखान्यात टर्नर होते. एक सूत इकडचं तिकडं झालं की जॉब भंगारात, हा त्यांचा स्वभाव. मूलबाळ नव्हतं. या घटनेच्या वीस-बावीस वर्षं आधी त्यांनी गंगी नावाची पिटबुल कुत्री आणली. गंगी तापट होती. काकांनी मनावर घेतलं की हिच्या वंशातून असा कुत्रा काढायचा, जो दगडासारखा मजबूत असेल आणि माणसावर कधी दात उगारणार नाही. लोक रंग बघून जोड्या लावतात, काका स्वभाव बघून लावायचे. त्यांची एक परीक्षा होती. पिल्लू सात आठवड्यांचं झालं की त्याच्यापुढे ताट ठेवायचं, 'जेव' म्हणायचं आणि ते खात असताना ताटात हात घालायचा. जे मागे सरून थांबेल ते पास. जे गुरगुरेल त्याचं ऑपरेशन करायचं, त्याची पैदास पुढे होऊ द्यायची नाही. मग पिल्लू कितीही देखणं असो. सहा पिढ्या हा नियम चालला. बंगळूरहून, केरळातून लोक यायचे. लहान मुलं त्या कुत्र्यांच्या पाठीवर झोपायची, असं लोकांनी मला नंतर सांगितलं; माझं त्यांच्याकडे जाणं मधल्या वर्षांत सुटलं होतं.

मी गेलो तेव्हा काका ओट्यावर बसले होते. बायपासनंतर निम्मे झाले होते.

"वर्दीत आलास म्हणजे कॉफी नको म्हणणार," ते म्हणाले. "बस की रे."

मी फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हा आमचा न्हवे."

"काका, छातीवरचं पान बघा."

"पान असलं म्हणून काय झालं? सुम्ने, उगीच कशाला विचारतोस? आमचा कुत्रा माणसाला चावत न्हाई. वही बघ पायजे तर."

वही आणली. आई, बाप, जन्म, रंग, परीक्षेचा निकाल, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. त्या वयाचा, त्या वर्णनाचा कुत्रा त्यात नव्हता. मी वही मिटली. ठाण्यात माझी पद्धत वेगळी असायची. गुन्हेगाराला मी आधी गप्प बसू द्यायचो, मग एकदम पुरावा पुढे टाकायचो. इथे माझ्याकडे पुरावा म्हणून एक शब्द होता.

"काका, तो तीन दिवस उपाशी होता," मी म्हटलं. "ताट समोर होतं. त्याने तोंड लावलं नाही. सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसला होता."

त्यांचा हात वहीवर थांबला. "तीन दिवस?"

"तीन दिवस."

"मग कोण म्हटलं त्याला?"

"मी म्हटलं."

काका उठायला गेले आणि उठता आलं नाही. ओट्याच्या खांबाला धरून, तोंडावर पंचा दाबून रडायला लागले. "लाल्या रे," एवढंच म्हणत होते. इतका म्हातारा माणूस असा रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. मला लाज वाटली. ज्या भाषेत त्यांनी मला लहानपणी पेढा दिला होता, त्याच भाषेत मी त्यांना पकडलं होतं.

मग सगळं बाहेर आलं. सोनी नावाची एक कुत्री पिल्लू असताना परीक्षेत गुरगुरली होती. पण काकू तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, शेवटचं दुखणं. सोनी त्यांच्या उशाशी झोपायची. काकू म्हणाल्या, "हिला कापाकापी नको. ही माझी." काकू गेल्या आणि काकांनी सोनीचं ऑपरेशन केलं नाही. उलट एकदा तिची जोडी लावली. "तिचं काहीतरी घरात ऱ्हावं म्हणून रे," ते म्हणाले. बाळंतपणात सोनी गेली. एकच पिल्लू जगलं, तो लाल्या. सातव्या आठवड्यात तोही गुरगुरला.

"वहीत लिहिलंच न्हाई मी. लिहिलं असतं तर सोनीचंही लिहावं लागलं असतं. दोन वर्षं त्याच्या ताटाला हात लावला न्हाई. बायपास झालं, झेपेना. गोकुलमचा एक जण सारखा मागत होता, त्याला दिला. त्याने विचारलं, 'परीक्षा पास आहे ना?' मी हो म्हटलं. ताटाला हात लावू नको, एवढंच बोलायचं होतं रे. एक वाक्य. ते बोललो न्हाई."

त्या जबाबावरून आम्ही गोकुलमच्या त्या माणसाच्या बंगल्यावर गेलो. बाई कामाला जायची त्या चार घरांपैकीच एक. मालक तिशीतला, पंधरा दिवसांपूर्वी कुत्रा आणलेला, शेजारी तक्रार करतील म्हणून गॅरेजमध्ये लपवलेला. फिनेल टाकून गॅरेज धुतलं होतं, पण गल्लीत उघडणारं मागचं दार, भिंतीतलं साखळीचं तुटकं कडं आणि कोपऱ्यातलं ताट तसंच होतं. बाहेर टीव्हीवाल्यांचे कॅमेरे बघून पोरगं आधी ताठ बोललं, ठाण्यात तासाभरात ढासळलं. दोन दिवस तो गावाला गेला होता, बातमी कळताच परतून त्याने गॅरेज धुतलं. कुत्रा दोन दिवस उपाशी. फोनवर त्याने स्वयंपाकाच्या बाईला सांगितलं, ताट ठेव, 'जेव' म्हण. ती घाबरली. तेव्हा तो म्हणाला, "घाबरू नको अम्मा, ताटात हात घातला तरी काही करत नाही. ज्यांनी वाढवला त्यांनीच सांगितलंय." बाईने ताट ठेवलं, शब्द म्हटला आणि सांडलेला मुद्देचा गोळा परत ताटात सारायला वाकली.

मुलीला मी बाकावरून आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. "म्हणजे तिने ऐकलं म्हणून गेली," ती म्हणाली. त्यानंतर ती ठाण्यात आली नाही.

दोघांवरही आरोपपत्र दाखल झालं. काकांना जामीन मिळाला. घरी आल्या आल्या त्यांनी उरलेल्या अकराही कुत्र्यांची ऑपरेशनं करून घेतली. वीस-बावीस वर्षांचं वाण त्या आठवड्यात संपलं.

लाल्याला इंजेक्शन द्यायचा आदेश महिन्याभराने आला. तोवर शेडवाला माझ्याकडून शिकलेला शब्द म्हणून त्याला जेवू घालत होता. आदल्या दिवशी काका ठाण्याच्या दारात उभे. आत यायला तयार नव्हते.

"शेवटचं ताट तू वाढ," ते म्हणाले. "जेव म्हण. तुझं तो ऐकतो. आणि एक कर. महिनाभर पोटभर जेवलाय तो. खात असताना ताटात हात घाल. मागे सरतो का बघ. माझ्या सोनीच्या रक्तात दोष होता का त्या भुकेत, एवढं मला कळू दे. मग मी मरायला मोकळा."

मी होकार दिला. पोलिसात असताना सुरे पाहिले, जमाव पाहिला. वाटलं, यात काय मोठं.

सकाळी मी ताट घेऊन पिंजऱ्यात गेलो. लाल्याने शेपूट हलवली. अंगावर मांस चढलं होतं, तांबडा रंग लखलखत होता. मी ताट ठेवलं, म्हटलं, "जेव रे लाल्या." तो जेवू लागला. मी हात पुढे केला. ताटापासून वीतभर अंतरावर हात थांबला. लाल्याने खाणं थांबवलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गुरगुरला नाही. सरलाही नाही. आणखी वीतभर हात गेला असता तर कळलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे ती बाई आली. मी हात मागे घेतला. तो पुन्हा जेवू लागला. ताट चाटूनपुसून झालं, मग डॉक्टर आले.

काका बाहेर झाडाखाली बसले होते.

"घातलास हात?"

"घातला, काका."

"मागे सरला?"

"सरला. दोन पावलं मागे सरला आणि थांबला."

त्यांनी दोन्ही हात जोडले, मला नव्हे, वर कुठेतरी. "ऐकलंस का ग," असं काकूंना म्हणाले. मी त्यांना जीपमधून घरी सोडलं. रस्ताभर ते मला सोनीच्या गोष्टी सांगत होते.

काका गेल्या वर्षी गेले, म्हणून हे लिहितोय. त्यांच्या अकरांतली शेवटची कुत्रीही गेली. खटला अजून चालू आहे.

आयुष्यभर मी समजत होतो की माणूस खोटं बोलतो ते भीतीने नाहीतर हावेने. या केसने मला शिकवलं की सगळ्यात सहज खोटं निघतं ते मायेपोटी, आणि बोलणाऱ्याला ते खोटं वाटतही नाही. काकांनी 'पास आहे' म्हटलं तेव्हा त्यांना असंच वाटलं असणार. मला त्या झाडाखाली असंच वाटलं होतं. माझ्या खोट्याने कुणाचा जीव गेला नाही, हे खरं. पण काकांना ते बोलताना कुठे ठाऊक होतं?

परवा बाजारात ती मुलगी दिसली. आता मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिने नमस्कार केला, घरचं विचारलं. मग जाता जाता म्हणाली, "सार, तो कुत्रा मुळातच वाईट होता का हो?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही ग." आणि त्यानंतर तिला हेही सांगितलं की, माहीत करून घेता आलं असतं, पण माझा हात पुढे झाला नाही.