दादांचा चिमटा

काचेच्या भांड्याला कान लावायच्या आधी मॅडम कानातली कुडी काढून ॲप्रनच्या खिशात टाकायच्या. मग डोळे मिटायच्या आणि एक बोट वर करायच्या. ते बोट वर असेपर्यंत खोलीत कुणी खोकायचंही नाही. भांड्यात पाणी, पाण्यात दोन छोट्या पट्ट्या, पट्ट्यांना वायरी. वीज सुरू झाली की पट्ट्यांवरून बुडबुडे सुटायचे आणि अगदी बारीक चरचर व्हायची, सोड्याची बाटली नुकतीच उघडून ठेवल्यासारखी. ती ऐकू आली की मॅडम डोळे उघडायच्या.

"बोलतंय," म्हणायच्या. "लय छान बोलतंय. या, कान लावा."

तुम्ही कधी सांगलीला आमच्या कॉलेजात आला असतात, तर तुम्हालाही त्यांनी कान लावायला लावला असता. प्राचार्यांना लावला, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला लावला. मी ग्रंथपाल. रसायनशास्त्राशी माझा संबंध पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकापुरता. तरी ती चरचर मी इतक्या वेळा ऐकली आहे की आजही कुठे सोड्याची बाटली उघडली की मी नकळत थांबतो.

त्यांचं काम त्यांनी मला एकदा चपाती खाताखाता समजावलं होतं. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. हायड्रोजन म्हणजे उद्याचं इंधन. "पण ऑक्सिजनची बाजू आळशी असते, सर. उठायलाच मागत नाही. तिला उठवायला फार वीज जाते." ती कमी विजेत उठावी म्हणून पट्टीवर एक थर चढवायचा. त्यांनी चपातीचा वरचा पापुद्रा सोलून उजेडात धरला. "हा असा थर. पण याच्या लाखाव्या हिश्श्याइतका पातळ. असे पापुद्रे पट्टीवर उभे वाढवायचे, शेजारी शेजारी, कोबीच्या पानांसारखे. याला नॅनोशीट म्हणतात." मग तो पापुद्रा त्यांनी चटणी लावून खाल्ला.

पट्टी म्हणजे निकेलची जाळी. हातात घेतली तर भांडी घासायच्या स्पंजासारखी. ती आधी ॲसिडमध्ये बुडवून स्वच्छ करायची, मग निकेलच्या क्षाराच्या हिरव्या पाण्यात घालून, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या जाड स्टीलच्या डबीत बंद करून, भट्टीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी डबी उघडली की जाळीवर पोपटी लव आलेली असायची. ती पट्टी बोलली तर मॅडम गणपती पेठेतून भडंग मागवायच्या. नाही बोलली तर भडंग नाही. ग्रंथालयात माझ्या टेबलावर कागदाची पुडी येऊन पडली की मला न विचारता कळायचं, आज वर लॅबमध्ये बोललं.

मॅडम मूळच्या विट्याच्या. त्यांच्या वडिलांचं, दादांचं, तामिळनाडूत गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं मुशीत वितळवून, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालून, त्यातलं हिणकस काढून टाकायचं आणि शुद्ध सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं, हा विटेकरांचा घरचा धंदा. दादा एकदा लेकीची लॅब बघायला आले होते. धोतर, टोपी, आणि हाताच्या बोटांवर तेजाबाचे जुने डाग. त्यांनी भट्टी बघितली, स्टीलची डबी हातात घेऊन वजन केल्यासारखी खालीवर केली.

"ही तुझी मूस व्हय?"

"व्हय, दादा."

"गाळताना घट किती येती?"

"घट न्हाई येत. उलट वाढतंय."

दादा माझ्याकडं वळले. "आवं सायेब, आमच्या सात पिढ्या सोनं गाळत आल्या. ही पाणी फोडाय बसली. पाण्यातनं काय निघायचं वो?"

"कान लावा की दादा," मॅडम म्हणाल्या.

दादांनी टोपी काढून कान लावला. बराच वेळ लावून ठेवला, पण तेव्हा पट्टी अजून नीट बोलत नव्हती. मग एवढंच म्हणाले, "भट्टी चांगली हाय."

दादा वारल्यावर मॅडमच्या भावांनी दुकान वाटून घेतलं. मॅडमनी फक्त मुशी उचलायचा त्यांचा चिमटा मागितला. हातभर लांब, काळा, टोकाला घासून पांढरट झालेला. गलाईच्या घरात एक रीत असते. नवं काम हातात घेताना पहिला चिमटा घरातल्या वडीलधाऱ्यानं लावायचा. मॅडमनी ती रीत लॅबमध्ये आणली. त्या स्वतः ॲसिडातून जाळी बाहेर काढायच्या ती दादांच्या चिमट्यानं. बाकी सगळ्यांनी प्लॅस्टिकचे चिमटे वापरायचे. दादांच्या चिमट्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही.

सुजाता त्यांच्याकडं पीएच.डी. करत होती. म्हसवडची. नवरा सैन्यात, तेव्हा कुठंतरी सरहद्दीवर. सासरे चांगले, पण सारखं विचारायचे, "संपतंय कवा?" या वर्षी झालं नाही तर सोडून घरी यायचं, असं ठरलं होतं. सुजाताचा सगळा प्रबंध मॅडमच्या या पट्टीवर उभा होता आणि सुजाताची पट्टी काही बोलत नव्हती. मॅडमनी केलेली बोलायची. तेच पाणी, तोच क्षार, तीच डबी, तीच भट्टी. सुजातानं केलेली मात्र घुम्यासारखी बसायची.

विभागातल्या लोकांनी निष्कर्ष काढून टाकला. मॅडमचा हातगुण. एक सर तर हसत म्हणाले, "सुजाता, तू म्हसवडला जाऊन सिद्धनाथाला नारळ फोड. पाणी फोडायचं मॅडमवर सोड." मॅडमनाही ते कुठंतरी पटत असावं. त्या तिला नव्यानं शिकवायच्या, रागवायच्या, मग पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "येईल गं. हात बसावा लागतो." सुजाता आपले हात उलटेपालटे करून बघायची.

एका दुपारी ती ग्रंथालयात आली आणि सगळी पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली. "जमा करून घ्या, सर. माझा हात नाही या कामाला." मी पुस्तकं जमा केली नाहीत. तिला म्हटलं, पाच वाजेपर्यंत वाचायला हरकत नाही, पंखा चालू आहे. ती खिडकीपाशी बसून राहिली. आधी रडली असावी. मग एकेक लेख उघडू लागली. पाचच्या सुमाराला उठली ती जवळजवळ धावतच. "सर, तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटी विचारायला भीती वाटते."

वर मॅडम तेव्हाच ॲसिडातून जाळी काढत होत्या.

"मॅडम," सुजाता दारातूनच म्हणाली, "निकेलमध्ये लोखंडाचा अंश गेला तरच ऑक्सिजनची बाजू अशी उठते, असं पुष्कळांनी लिहिलंय. आपल्यात कुठून लोखंड येतंय का?"

मॅडमचा आवाज चढला. विट्याची बोली बाहेर आली. "लोखंड? माझ्या लॅबमध्ये? अगं, निव्वळ निकेल हाय म्हणून मी पेपर पाठवलाय! इथं लोखंडाची टाचणी कुणी आणत न्हाई. मी येऊच देत न्हाई!"

आणि हे सांगताना त्या हातातला चिमटा सुजाताच्या दिशेनं हलवत होत्या. टोकात धरलेल्या जाळीतून ॲसिड ठिबकत होतं. चिमट्याची टोकं ओली, चकचकीत पांढरी होती, आणि त्यांच्या वर तांबूस गंजाची एक रेघ होती.

 सुजाता नुसती चिमट्याकडं बघत राहिली. मीही बघत राहिलो. मग मॅडमनी बघितलं.

त्यांनी चिमटा ओट्यावर ठेवला. हळूच, आवाज न करता ठेवला. स्टुलावर बसल्या आणि आधी हसू लागल्या, इतक्या की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना.

"सर," त्या मला म्हणाल्या, "तो चिमटा मला कधी लोखंड वाटलाच न्हाई वो. दादांचा हात वाटायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमटा सुजाताच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी पट्टी भट्टीतून निघाली तेव्हाही आत आल्या नाहीत. सुजातानं वायरी जोडल्या, कान लावला, चरचर ऐकली आणि दारात येऊन नुसतं बोट वर केलं. मॅडमनी व्हरांड्यातच कुडी काढली.

त्याच दुपारी त्यांनी पाठवलेला पेपर परत मागवला. कशामुळे, तेही लिहून कळवलं. नारळ फोडायला सांगणारे सर म्हणाले, "कशाला सांगायचं, मॅडम? कुणाला कळणार होतं?" मॅडम म्हणाल्या, "हिणकस सोनं शुद्ध म्हणून दिलं असतं, तर दादांना विट्यात तोंड दाखवता आलं नसतं. मी त्याच गावची." मग त्यांनी सगळ्यांना बोलावून, भडंगाचं ताट फिरवत, स्वतःच जाहीर केलं. "माझ्या हाताला गुण न्हाई. दादांच्या चिमट्याला गंज हाय. आणि सुजाताच्या हाताला काही झालेलं न्हाई. तो स्वच्छ हाय, हीच तिची अडचण होती."

पुढं सुजातानं लोखंड मोजून घालायला सुरुवात केली. कमी, जास्त, आणखी थोडं जास्त. तिचा प्रबंध त्यावरच झाला आणि त्या वर्षातच झाला. शोध जगाला नवा नव्हता, हे मॅडमना माहीत होतं. "आपल्याला तर नवा होता," त्या म्हणायच्या. चिमटा भिंतीवर गेला. त्याच्याखाली मॅडमनी ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली: हे लोखंड आहे. कोणी आलं की ती चिठ्ठी वाचायला लावायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

मॅडम गेल्या त्याला आता एक पावसाळा उलटला. आजार लांबला नाही. शेवटी मिरजेच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा सलाईनच्या बाटलीकडं बघत म्हणाल्या, "हे नुसतंच ठिबकतंय. बोलत न्हाई." मी हसलो. हसताना माझ्या चेहऱ्याचं काय झालं कोण जाणे, त्यांनी माझा हात थोपटला.

त्यानंतर मी वर जायचं टाळत होतो. गेल्या आठवड्यात पुस्तकांची गाडी ढकलून परत येतो, तर माझ्या टेबलावर कागदाची पुडी. आत भडंग. मी ती तशीच हातात घेऊन जिना चढलो. आता सुजाता तिथं शिकवते. ती भांड्यावर वाकली होती. समोर भिंतीवर चिमटा, खाली चिठ्ठी, अक्षरं थोडी फिकी झालेली. माझी चाहूल लागली तशी तिनं डोळे मिटलेलेच ठेवून एक बोट वर केलं.

माझ्या हातात पुडीचा कागद चुरचुरत होता. मी तो घट्ट धरला आणि उभा राहिलो.