वहीतला चिकटवलेला कागद

नाना गेल्याची बातमी मला बशीरमियाँनी दिली. बँकेत माझ्या काउंटरपाशी येऊन ते एवढंच म्हणाले, "भैया, मास्टर साहब नहीं रहे." नानांच्या घरापासून मी चार गल्ल्यांवर राहतो, बशीरमियाँ पार विणकरांच्या मदनपुऱ्याहून आलेले… आणि मला त्यांच्याकडून कळावं! पण नानांच्या घरच्यांनी मला का कळवलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी मंडळाचे नाना वीस वर्षं चिटणीस होते. शाळेत संस्कृत शिकवायचे आणि मंडळाच्या सभांचं इतिवृत्त लिहायचे. मागच्या सभेचं इतिवृत्त आधी मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी हात वर करून ते कायम करायचं आणि मगच पुढचं बोलायचं, अशी आमची पद्धत. नानांचं वाचन ऐकायला माणसं वेळेवर यायची, कारण 'सविस्तर चर्चा झाली' असलं काही ते लिहीत नसत. भांडण झालं असेल तर 'भांडण झाले' असंच लिहीत. एकदा 'अध्यक्षांना डुलकी लागली' हेही लिहिलं आणि अध्यक्षांनी हसत हसत खाली सही केली. मी त्यांचा सहचिटणीस. माझं अक्षरही त्यांनीच घोटून घेतलेलं.

आमच्या गणपतीचा शेला बशीरमियाँ विणायचे, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी स्वतः घेऊन यायचे. दंगल आणि कर्फ्यूच्या त्या हिवाळ्यानंतर सभा भरली आणि शेला आता दुसरीकडून घ्यावा, असं ठरलं. नाना एकटे विरोधात. मी हात वर केला… ठरावाच्या बाजूनं. पुढच्या सभेत नानांनी वाचलं, 'बशीरमियाँ मुसलमान आहेत म्हणून यापुढे त्यांच्याकडून शेला घेऊ नये, असे ठरले.' एकच गिल्ला झाला. कोणी सुचवलं, 'वस्त्रपुरवठ्याच्या व्यवस्थेत बदल' असं लिहा. कोषाध्यक्ष समजावायला लागले, "नाना, मतलब तोच आहे ना? मग जरा ढंगानं लिहा की. माहौल तर बघा."

"हात वर करताना लाज वाटली नाही," नाना म्हणाले, "मग ऐकताना का वाटते?"

शब्द त्यांनी बदलला नाही. वही माझ्यापुढे सरकवली आणि निघून गेले. त्या ओळींवर कागद चिकटवून 'वस्त्रपुरवठा' लिहिला तो मी, त्यांनीच घोटून घेतलेल्या अक्षरात. खाली आणखी एक ओळ घातली, 'प्रकृतीच्या कारणास्तव नानांनी पद सोडले.' नानांची प्रकृती तेव्हा ठणठणीत होती, रोज पंचगंगा घाटावर गंगेत पोहायचे. मला कोणी धमकावलं नव्हतं की भरीला घातलं नव्हतं. मला चिटणीस व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

पुढे बशीरमियाँ दरसाल शेला नानांच्या घरी नेऊन द्यायचे. माप मात्र मंडळाच्या मूर्तीचंच. वीतभर उंचीच्या घरच्या गणपतीवर नाना तो चार घड्या घालून पांघरत. गेल्या गणपतीत मी दर्शनाला गेलो. नानांनी हातावर प्रसाद ठेवला, 'बस' म्हणाले नाहीत. "वही नीट ठेवतोस ना?" एवढंच विचारलं. तीच आमची शेवटची भेट.

शोकसभेचा ठराव लिहायला मीच बसलो. नानांनी पद कधी सोडलं ते पाहायला ते जुनं पान उघडलं, तर गंगेकाठच्या दमटपणानं कागदाचा कोपरा सुटलेला. खाली नानांच्या निळ्या शाईत 'मुसलमान आहेत म्हणून'… कागद ओढून काढायला कितीसा वेळ लागला असता? मी गोंद आणला, कोपरा दाबून बसवला आणि ठरावात उतरवलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. परवाच्या सभेत ते मोठ्यानं वाचलं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

आज सकाळी वही काढली. कोपरा पुन्हा सुटला आहे.