गादीवाल्याचा तिरंगा

पंधरा ऑगस्टच्या तोंडावर हिंदी मुलखातल्या आमच्या चरोद्यातल्या एका गाद्यांच्या दुकानदाराला देशप्रेमाचा उमाळा आला आणि त्याने घरोघरी फुकट तिरंगे वाटले. पांढऱ्या पट्ट्यावर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि गाद्यांवरची सूट. हे सगळं मावावं म्हणून बिचाऱ्या चक्राला आखडून बसावं लागलं होतं.

गल्लीने ते मोठ्या अभिमानाने गच्चीवर चढवले. माझे वडील मालगाडीचे निवृत्त गार्ड. त्यांनी मात्र आपला झेंडा नीट घडी करून दुकानात परत दिला. तिरंग्यावर अक्षर छापता येत नाही, धंद्यासाठी तर तो वापरताच येत नाही, असा कायदा आहे, हेही सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, फ्री में तो दिया है!"

घरी येऊन वडील म्हणाले, "पूरी नोकरी लाल-हिरवा झेंडा दाखोत आलो मी. झेंडा वाचाले नसते, पाहाले असते. त्याच्यावर का गाद्या इकाव?"

तोवर दुकानातल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर पोचला होता. म्हाताऱ्याने तिरंगा नाकारला म्हणे. गच्चीवरच्या झेंड्याच्या चिंध्या झाल्या तरी ज्यांना तो उतरवायचं सुचत नाही, ते आम्हाला देशभक्ती शिकवू लागले. एकाने तर तक्रारच केली.

दुसऱ्या दिवशी वडिलांना चौकीत बोलावलं. सोबत मी गेले. साहेबांच्या मागे खिडकीला तोच गादीछाप तिरंगा! वडिलांनी बोट दाखवलं. साहेबांनी मान वळवून पाहिलं, हसले आणि म्हणाले, "बाबूजी, माफी लिख दीजिए, बात ख़तम."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कावून लिहू, बाई? कायदा त्यानं मोडला ना?"

जवळच्या स्टील प्लान्टमध्ये ठेक्यावर माझी नोकरी लागायची होती. गेटपाससाठी पोलीस पडताळणी हवी होती आणि तो कागद याच चौकीत पडून होता. मी म्हटलं, "लिहून टाका ना, बाबा."

त्यांना हिंदी लिहिणं जमेना, म्हणून माफीनामा मीच लिहिला. मुझसे तिरंगे का अपमान हुआ, असं माझ्या वळणदार अक्षरात. त्यांनी चष्मा लावून तो अख्खा वाचला आणि सही केली.

गादीवाल्याची, गल्लीची, साहेबांची मी आजही यथेच्छ टर उडवते. वडील त्यात सामील होत नाहीत. गेटपास मला आठवड्यात मिळाला, आणि त्या वर्षापासून वडील झेंडावंदनाला जात नाहीत.