कांताबाईची उन्हाची खोली

दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. नाव घेतलं की चौकशी दवाखान्याची होते आणि साहेब लोक नामानिराळे राहतात. भिलाईतला एक सरकारी दवाखाना, एवढं पुरे. मी तिथे नर्स आहे. निवृत्ती जवळ आली आहे, त्यामुळे आता बोलायला कोणाच्या बापाला भीत नाही.

आमच्याकडे एक खोली होती. कागदावर सरकारची, पण खरी कांताबाईची. मोडक्या खाटा आणि गंजलेले स्टँड बाहेर काढून ती धुतली तिने. कांताबाई दवाखान्याची कोणीही नाही, ना पगार ना पद. तिचा नवरा देवीदास भंडाऱ्याहून येऊन इथल्या स्टील प्लांटमध्ये लागला. त्यांचा एकुलता एक नरेश सिकलसेलचा, इकडच्या बोलीत सिकलिनचा. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडाहाडांत कळा उठतात. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, की दुखणं आलंच म्हणून समजा. नरेश ऐन पौषात जनरल वॉर्डच्या फुटक्या खिडकीखाली कळा सोसत गेला. त्यानंतर काही दिवसांनी कांताबाई परत आली आणि तिने मला एकच गोष्ट विचारली.

"सिस्टर, तुमच्या दवाखान्यात ऊन कुठं येते?"

ऊन येत होतं अडगळीच्या खोलीत. कांताबाईने बुद्धविहारातल्या बायकांकडून ब्लँकेटं जमवली, डॉक्टरांच्या मागे लागून दोन खाटा मिळवल्या, पाणी तापवायला केटली आणली. दुखणं उठलेलं पोर आलं की सलाईन मी लावायची, गरम पिशवीचा शेक तिने द्यायचा. पाणी पिण्यासाठी ती पोरांवर अशी ओरडायची की मुकाट्याने पेला रिकामा व्हायचा. जवळपासच्या गावांतले आईबाप थेट विचारत यायचे, कांताबाईची खोली कोणती?

मग सरकारला जीवविज्ञान आठवलं. राज्यात गुंतवणूक यावी, कंपन्या आणि दवाखाने यांनी मिळून संशोधन करावं, अशी योजना निघाली. सिकलसेलवर औषध शोधायला बाहेरची कंपनी येणार होती. जमीन सरकारची, सवलती सरकारच्या, रक्त आमच्या पोरांचं. योजनेचा अधिकारी केदार, इथल्याच बोरसी भागातला, आपल्याच मराठी माणसांतला. मंडळाच्या गणपतीत मी त्याला लहानपणी मोदक वाढलेत.

"कांताताई, पेशंट तुमचं ऐकतात," तो म्हणाला. "नमुने मिळाले की करार पक्का. मग या खोलीचा मोठा वॉर्ड करून देतो. शब्द आहे माझा."

योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. औषध निघालं तर कोणाला नको आहे?

"औषध तं आमाले पायजेच हाय," कांताबाई म्हणाली. "पन थे निघेपर्यंत पोरं कुठं झोपतीन, थे सांगा."

केदारने पुन्हा शब्द दिला. मग ती गावोगाव, पार अहिवाऱ्यापर्यंत फिरली, घरोघरी आयांना समजावलं. सगळ्यांनी हात पुढे करून रक्त दिलं. अहिवाऱ्याच्या साधनानेही दिलं, बारावीत शिकणारी, बारीक अंगाची, सुईला न घाबरणारी पोरगी.

कराराचा समारंभ मोठ्या हॉटेलात झाला. आमच्या पोरांना पहिल्या रांगेत बसवलं, छातीवर 'लाभार्थी' असा बिल्ला लावून. पाण्याच्या बाटल्या दारातच काढून घेतल्या, म्हणे सुरक्षेसाठी! आत एसी असा की कोटवाले तेवढे सुखात. पोरांच्या अंगावर पातळ कपडे. मोठे पाहुणे उशिरा आले, मग भाषणांवर भाषणं सुरू झाली. साधनाने आधी गुडघे चोळले, मग दोन्ही हात पोटाशी धरून ती वाकली.

कांताबाई उठली. केदार वाकत वाकत धावत आला.

"ताई, फोटो होऊ द्या हो. तुम्ही आत्ता उठलात तर वॉर्डचं मी वर काय सांगू?"

म्हणजे वॉर्ड त्या फोटोवर टांगलेला होता! सिकलसेलच्या नावाने सोहळा करायचा आणि सिकलसेलच्याच लेकरांना तहानलेलं ठेवून गारठवायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कांताबाई मात्र क्षणभर उभी राहिली. खोलीच आली असणार तिच्या डोळ्यांपुढे, दुसरं काय?

"चाल वं साधना," ती म्हणाली. "चाला रे सारे. थे बिल्ले ठेवा खुर्चीवर."

बाहेर पायऱ्यांवर आम्ही पोरांना उन्हात बसवलं, पाणी पाजलं. पाय मोकळे झाल्यावर साधना हळूहळू सरळ बसली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पहिल्या रांगेत लाभार्थी छान हसत होते. नर्सिंग कॉलेजच्या धडधाकट मुली! दोघींना तर इंजेक्शन द्यायला मीच शिकवलं होतं. आता त्याच माझ्या पोरांचे बिल्ले लावून बसल्या होत्या.

वॉर्ड झाला नाही. खोली मात्र नवी झाली, नमुने ठेवायला. डीप फ्रीझर आला, जनरेटर आला, एसी आला, दाराशी चौकीदार बसला. उन्हाच्या खिडकीला आतून जाड काळा पडदा लागला. आणि आमच्या दोन खाटा व्हरांड्यात, जिन्याखाली. पोरांच्या रक्ताची अशी बडदास्त, आणि पोरांना वारा झोंबतोय! मी साहेबांच्या टेबलावर हात आपटून भांडले. सगळ्यांनी हात वर केले. विचार चालू आहे, म्हणे.

तो विचार पौषापर्यंत चालूच होता. एका सकाळी साधनाच्या बापाने तिला उचलून आणलं. थंडीने तिचे दात वाजत होते, कळांनी अंग आखडलं होतं. मी व्हरांड्यातल्या खाटेकडे वळले, तर कांताबाई सरळ खोलीकडे चालू लागली. चौकीदार आडवा आला.

"सरक बाबू," एवढंच म्हणाली ती. त्याने साधनाकडे पाहिलं आणि तो सरकला.

आत कोणा पाहुण्यासाठी ठेवलेला सोफा होता. त्यावर साधनाला निजवलं. कांताबाईने एसी बंद केला, पडदा बाजूला ओढून खिडकी मोकळी केली. मी सलाईन लावत होते तेवढ्यात केदार धापा टाकत दारात आला.

"ताई, हे काय करताय? खोली तापली तर सॅम्पल खराब होतील!"

"होऊन राह्यलं ना, साहेब." कांताबाईने गरम पिशवी साधनाच्या गुडघ्यावर ठेवली. "हे पाहा तुमचं सॅम्पल. मागं थेंबभर देल्लं, आज पूरंच आणलं."

केदार आत यायला लागला. मी त्याच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली. बाहेर व्हरांड्यात थंडी फार होती.